डाव्या घोडीवरचा आर्म

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ऐकू येत नाही हे तू कबूल करत नाहीस. मागच्या वेळी मी विचारलं एक आणि तू तुझ्या रक्तदाबाची हकिगत सांगत बसलास. म्हणून शेवटी कागद-पेन घेतलं.

काम असं आहे की आपली जुनी गाडी मी शेडमधून बाहेर काढली आहे. हो, तीच, अपघातानंतर बाबांनी ताडपत्री घालून ठेवली ती. मागच्या सीटमध्ये उंदरांनी चांगला संसार थाटला होता. इथे जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचं एक मंडळ आहे आणि दर हिवाळ्यात ते मैदानावर गाड्या मांडतात. त्यात ‘कारखान्यातून निघाली तशी’ असा एक वेगळा गट असतो. मंडळातले एक फोटोग्राफर माझ्या ओळखीचे झालेत, त्यांच्याकडे आपलंच मॉडेल आहे आणि वर्षही तेच. ते म्हणाले, लोक रंग सांभाळतात, काचा सांभाळतात, पण स्टिअरिंग कुणाचंच मूळचं राहत नाही, झिजलं की जिवाच्या भीतीने बदलतात. त्यामुळे परीक्षक आले की सगळ्यात आधी गाडीखाली शिरतात.

मी दिवसभर दात बनवते. समोरचा माणूस हसला की कुठला दात त्याचा आणि कुठला माझ्यासारखीने केलेला, हे मला तिथल्या तिथे कळतं. पण स्टिअरिंगच्या पार्टांपुढे मी पार ढ आहे. तुझा तर सगळा जन्म कारखान्यात स्टिअरिंगच्या तपासणीत गेला. तेव्हा सांग, मूळचं काय आणि नंतरचं काय हे ओळखायचं कसं? सोप्या भाषेत लिही. आईला अजून काही बोललेले नाही, तूही बोलू नकोस.

तुझी
भाची


१३ फेब्रुवारी

प्रिय दातवाले,

रक्तदाबाचं तूच विचारलं होतंस. असो.

तुझं पत्र आलं आणि मी सूनबाईला म्हटलं, आज मला कुणी कामं सांगू नका. कारखाना बंद पडून किती वर्षं झाली, तिथे आता गोदामं आहेत. आमच्या हातची गाडी रस्त्यावर दिसेनाशी झाली. आणि तू ती मैदानात उभी करणार म्हणतेस. मग नीट कर. अर्धवट काम माझ्या नावावर खपवायचं नाही.

आता ऐक. सुरुवात स्टिअरिंग बॉक्सपासून. त्याच्या ओतलेल्या कवचावर, इंजिनाकडच्या बाजूला, ग्रीसखाली एक गोल आहे. रॉकेलने पूस. गोलात वर्ष आणि महिना असेल, तो गाडीच्या पाटीवरच्या तारखेच्या किंचित आधीचा हवा. नंतरचा असेल तर बॉक्स बदललाय. मग बॉक्सच्या खालून निघालेला जाड लोखंडी हात बघ, त्याला ड्रॉप आर्म म्हणतात. तू चाक फिरवलंस की हा हात हलतो आणि पुढच्या दांड्यांना ओढतो. त्याच्या अंगावर आमचा शिक्का आहे, त्रिकोणात वर्षाचा अंक. बाजारातल्या नकली मालावर त्रिकोण असतो, पण त्याचे कोपरे गोल झालेले असतात. आमचे कोपरे बोटाला टोचतात.

नटांवर पिवळ्या रंगाचा ठिपका शोध. नट आवळून झाला की आवळणारा लाल ठिपका द्यायचा आणि तपासणारा पिवळा. पिवळा माझ्या विभागाचा. आणि नट फिरू नये म्हणून त्यातून ओवलेल्या स्प्लिट पिना बघ. आमच्याकडे पिनेचा एक पाय वर वळवायचे आणि दुसरा कापून टाकायचे. बाहेरचे मेकॅनिक दोन्ही पाय मिशांसारखे फाकवतात. मिशा दिसल्या की समज, कुणीतरी हात घातलाय.

मला विचारशील तर तुला काही सापडणार नाही. तो घाटातला अपघात झाला तेव्हा मी रजा काढून आलो होतो, आठवतं? गॅरेजमध्ये त्या गाडीखाली स्वतः आडवा पडून एकेक शिक्का बघितला होता. सगळा माल आमचा. एक पार्ट तुटलेला नाही, एक नट सैल नाही. आमच्या स्टिअरिंगला झोप लागत नाही, ती तुझ्या बाबांना, आपल्या डुलकीरावांनाच लागते. त्यांना नमस्कार सांग.

मामा


२ मार्च

प्रिय मामा,

दोन रविवार गाडीखाली घालवले. केसांतलं ग्रीस अजून निघत नाही, पण तुझ्या सगळ्या खुणा सापडल्या. बॉक्सवरची तारीख बरोबर आहे. दांड्यांच्या नटांवर तुझा पिवळा ठिपका अजून आहे, थुंकी लावून पुसला तर चमकतो. बहुतेक सगळ्या पिना एका पायाच्या.

फक्त ड्रॉप आर्म वेगळा निघाला. शिक्का तुमचाच आहे, कोपरे टोचतात. पण अंकातलं वर्ष गाडीच्या बरेच पुढचं, अपघाताच्या आदल्या वर्षाचं. नटावर ठिपका नाही आणि पिनेला मिशा आहेत. म्हणजे तो नंतर बसवलाय. आणि मामा, आर्मचं टोक जिथे चेसिसच्या ब्रॅकेटजवळून जातं, तिथे ब्रॅकेटवर खोल ओरखडा आहे. लोखंडाने लोखंड खरवडल्याचा.

मी बाबांना विचारलं. आधी म्हणाले, आठवत नाही. मग संध्याकाळी स्वतःच येऊन सांगितलं की, अपघाताच्या काही महिने आधी चाकात ढिलाई आली होती. मेकॅनिक बाजारातला आर्म घालतो म्हणत होता. पण तू त्यांना बजावलं होतंस की कंपनीचाच घाला, नाहीतर माझ्या बहिणीला त्या गाडीत बसू देणार नाही. म्हणून त्यांनी कंपनीच्या विक्रेत्याकडे मागणी नोंदवली, वाट बघितली आणि सीलबंद खोक्यातला आर्म बसवून घेतला.

आता खरं सांगते. मला मैदान नको आणि बक्षीसही नको. जानेवारीत माझी मुलगी शाळेला उशीर झाला म्हणून रडत होती. माझी स्कूटर बंद पडलेली. बाबा म्हणाले, शेजाऱ्यांची गाडी मागतो, मी सोडतो. ते चपला घालत होते. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “तुमच्याबरोबर नको. वाटेत डोळा लागला तर?” आणि हसली. आम्ही सगळे हसलो, मीसुद्धा. बाबाही हसले, आणि त्यांनी चपला काढून ठेवल्या. चपला काढताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. इतकी वर्षं डुलकीराव म्हणतोय आपण त्यांना, मामा. मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

लहानपणी मी त्यांना एकदा विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, “चाक डावीकडे वळलं, पण परत आलंच नाही.” नंतर कधी तसं बोलले नाहीत. मला हे शोधून काढायचंय. ते हयात असताना.

तुझी
भाची


११ मार्च

चि. भाचीस,

तू मला बनवलंस. मैदान, फोटोग्राफर, परीक्षक. मला वाटलं पोरीला मामाच्या कामाची किंमत कळली.

शिक्का आमचा आहे ना? कोपरे टोचतात ना? मग विषय संपला. आर्म नंतर घातला म्हणून काय झालं, कंपनीचाच घातला. त्या आर्मची तपासणी माझ्या विभागातच झाली असणार. ओरखडा म्हणशील तर गाडी ओढून आणताना साखळी लागली असेल. असले ओरखडे मी शंभर गाड्यांवर बघितलेत.

चाक परत आलं नाही, हे तेव्हाही त्यांनी मला सांगितलं होतं. म्हणून तर मी आलो होतो. बॉक्स फिरवून बघितला, मोकळा होता. दांड्या सरळ होत्या, बॉल जॉइंट घट्ट होते. आणखी काय करायला हवं होतं? तुझ्या आईचा गुडघा गेला. ती आयुष्यभर जिना एकेक पायरी चढते. तरी तिने नवऱ्याला कधी दोष दिला नाही, फक्त थट्टा केली. थट्टेवर भागलं म्हणून देवाचे आभार मान आणि गाडी परत ताडपत्रीखाली ठेव.

मामा


६ एप्रिल

प्रिय मामा,

ताडपत्री मी फाडून टाकली.

सोबतचं पार्सल नीट उघड. आत प्लास्टरचे दोन ओबडधोबड हात आहेत. फोटोग्राफरच्या गाडीतला ड्रॉप आर्म मूळचा आहे. लाल ठिपका, पिवळा ठिपका, एका पायाची पिन, सगळं जागच्या जागी. त्यांनी मला तो काढून एक दिवस हाताळू दिला, भला माणूस. आपलाही मी काढला. दातांचा साचा घेतो त्याच मसाल्यात दोन्ही दाबले आणि प्लास्टर ओतलं. आमच्या लॅबमधले सगळे येऊन विचारून गेले की हा कुठल्या जनावराचा जबडा.

कुठला कुणाचा, ते मी लिहिणार नाही. शिक्के मी मुद्दाम खरवडून टाकलेत, कारण शिक्का दिसला की तू पुढचं काही बघत नाहीस. रागावू नकोस, ऐक. माझ्याकडे उजवी दाढ येते आणि डावी दाढ येते. रंग तोच, आकार तोच, कारागीर एकच. पण डावी दाढ उजवीकडे बसवली तर माणसाला सगळं ठीक वाटतं, फक्त एका बाजूने चावता येत नाही, आणि डॉक्टरला महिनाभर कळत नाही का. मला हे दोन्ही आर्म शेजारी ठेवल्यावर तसंच वाटलं. पण मला नुसतं वाटून उपयोगाचं नाही.

म्हणून परवा फोटोग्राफर आणि मी मिळून आपली गाडी जॅकवर चढवली. मी आत बसले. उजवीकडे चाक शेवटपर्यंत गेलं, परत आलं. मधल्या मध्ये कितीही फिरवलं तरी लोण्यासारखं. मग डावीकडे शेवटपर्यंत फिरवलं. खाली खट् झालं. आणि मी दोन्ही हातांनी ओढलं तरी चाक परत येईना. फोटोग्राफरनी बाहेरून पुढच्या टायरला लाथ घातली तेव्हा सुटलं.

 घाटात ते डावं वळण. डाव्या हाताला डोंगराची भिंत, आई बसली होती त्या बाजूला. आणि धडकेने टायरला लाथ बसलीच असणार, त्यामुळे तू आलास तेव्हा सगळं मोकळं होतं. तुला कसं सापडणार होतं?

बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. आईला सांगून उपयोग नाही. तिला माझं पटणार नाही. तिच्या लेखी स्टिअरिंगचं ज्ञान जगात एकाच माणसाला आहे, आणि तो एकदा बोलून गेलाय. तू बोललास तरच तिचं मत फिरेल. म्हणून ते दोन्ही हात एकदा हातात घेऊन बघ. बाकी काही मागत नाही.

तुझी
दातवाली


९ मे

मामा,

पार्सल पोचल्याचं पोस्टाने कळवलं, तू नाही. तुझ्या सूनबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, प्लास्टरचे दांडके टेबलावर आहेत आणि तू तिथे कुणाला ताट ठेवू देत नाहीस.

मी वाट बघतेय. तू गप्प बसून मी गप्प बसेन असं वाटत असेल तर तू मला ओळखत नाहीस. मी तुझीच भाची आहे.


२१ मे

प्रिय दातवाले,

तुझे दांडके आले त्या दिवशी मी ते खोक्यात घालून कपाटावर टाकले होते. रागच आला होता. मग एकदा दुपारी घरी कुणी नसताना काढले.

पहिला उचलला. तो हातात आपसूक बसला, अंगठा आर्मच्या वाकलेल्या बाकावर, भोक माझ्याकडे. असे मी किती हजार उचलले असतील देव जाणे. मग दुसरा उचलला आणि माझं मनगट वळलं. मी काही विचार केला नव्हता, मनगट आपलं आपणच उलटीकडे वळलं. मी तो खाली ठेवून परत उचलला. परत तेच. 

आता तुला जे सांगतो ते बाहेरच्या कुणाला माहीत असायचं कारण नाही. आमच्या गाड्या दोन प्रकारच्या निघायच्या. आपल्याकडच्यासाठी चाक उजव्या हाताला, आणि परदेशी पाठवायच्या त्यांचं चाक डाव्या हाताला. दोन्हींचे ड्रॉप आर्म एकाच साच्याच्या जोडीत घडायचे. वजन तेच, दाते तेच, शिक्का तोच. फरक फक्त बाकाचा, एकाचा बाक इकडे, दुसऱ्याचा तिकडे. खूण कसलीच नव्हती. खुणेची गरजच नव्हती. घडाईतून माल आला की दोन लोखंडी घोड्यांवर टांगायचे. खिडकीकडच्या घोडीवर उजवे, भिंतीकडच्या घोडीवर डावे. खिडकीकडच्या घोडीवरून उचललेला आर्म उजवाच असणार, हे सूर्य उगवणार इतकं पक्कं होतं. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या वरच्या साहेबांना विचारलं होतं, यावर ‘डावा’ असं का कोरत नाही? ते म्हणाले, आंधळा आहेस का? मी पुन्हा विचारलं नाही. पुढे मी साहेब झालो आणि मला कुणी विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

घोडीवर होता तोवर सगळं ठीक. सुट्या पार्टांच्या खोक्यात गेला की घोडी मागे राहिली. खोक्यावर नुसतं ‘ड्रॉप आर्म’. विक्रेत्याला भिंतीकडच्या घोडीवरचा माल गेला आणि त्याने तो दिला. मेकॅनिकने बसवला, बसतोच तो, दाते सारखे. सरळ रस्त्यावर चालवून बघितलं, चाललं. तुमच्या गल्लीत गाडी पूर्ण डावीकडे वळवायची वेळच येत नाही. बाक उलटा असल्यामुळे डाव्या टोकाला तो ब्रॅकेटच्या मागे जाऊन अडकतो. तू लिहिलंस ते खट् म्हणजे तेच. मी कागदावर आखून बघितलं, तीनदा.

बाजारातला नकली घातला असता तर तो उजवाच आला असता, नकलीवाले परदेशी गाड्यांचा माल करतच नव्हते. मी कंपनीचाच घाला म्हणून हट्ट धरला, त्यांनी तो ऐकला. आणि मग गाडीखाली आडवा पडून मी शिक्का बघितला. बाजू बघितली नाही. मला वाईट वाटतंय, खूप वाटतंय, पण ते मी तुझ्यापाशी बोलत बसणार नाही. ज्यांच्याशी बोलायचं त्यांना वेगळं पत्र टाकलंय, आणि तुझ्या आईला वेगळं. तिचं पत्र मोठ्या अक्षरात लिहिलंय, म्हणजे चष्मा सापडत नाही म्हणून बाजूला ठेवायला नको.

आता पुढचं काम. तो आर्म पुन्हा बसवायचा नाही. माझ्या विभागातल्या एका जुन्या सोबत्याकडे उजवा आर्म आहे. निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून मागून नेला आणि इतकी वर्षं पडवीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतोय. मी जाऊन स्वतः हातात घेऊन बघितला. बाजू बघितली, मग शिक्का. सोबत पाठवतोय. नट नवा घाल, पिनेचा एक पाय वर, दुसरा काप. पिवळा ठिपका मात्र देऊ नकोस. तो मी येऊन देईन, त्यांची हरकत नसेल तर.

मामा


१९ जून

प्रिय मामा,

आर्म बसला. डावीकडे शेवटपर्यंत, उजवीकडे शेवटपर्यंत, कुठेच अडत नाही. मी मुद्दाम बाबांना बोलावून पायरीवर बसवलं होतं. ते बघत होते. मला वाटलं होतं की त्यांना आनंद होईल. खरं तर मी तो बघायला टपून बसले होते. पण ते उठून आत गेले आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मी उगाच जुनं उकरलं का, असं मला वाटायला लागलं.

आईचं सांगते. तुझं पत्र तिने जेवणाच्या टेबलावर बसून वाचलं, बोट ठेवून, एकेक ओळ. संपल्यावर उलट करून मागे काही आहे का बघितलं. मग बाबा वर्तमानपत्र वाचत होते तिथे जाऊन उभी राहिली.

“मला सांगायचं नाही का?” ती म्हणाली.

“सांगितलं होतं,” बाबा म्हणाले.

“नीट सांगायचं होतं.”

“नीटच सांगितलं होतं. तू हसलीस.”

आई तिथेच खुर्चीत बसली. मला वाटलं आता रडेल, पण रडली नाही. बराच वेळ स्वतःचा गुडघा चोळत राहिली. मग म्हणाली, “दादाचं ऐकलं मी. तुमचं ऐकायला हवं होतं.” बाबांनी पान उलटलं. मी तिथून निघून आले, ते दोघांचं होतं.

त्या दिवसापासून घरात डुलकीराव हा शब्द कुणी उच्चारलेला नाही. माझ्या मुलीच्या तोंडून एकदा निसटला, तर आईने तिला असं काही झापलं की ती आणि मी दोघीही हबकलो. पोरीला काय माहीत, तिला वाटत होतं की आजोबांचं नावच ते आहे.

तुझं पत्र बाबांनी वाचलं की नाही, मला माहीत नाही. विचारलं तर म्हणाले, “मी देईन उत्तर. घाई करू नका.” तेव्हा तूही घाई करू नकोस.

तुझी
भाची


१४ सप्टेंबर

ती. दादांस,

तुमच्या पत्राला उशिरा उत्तर देतोय. पत्र मी लगेच वाचलं होतं. नंतरही वाचलं. तुम्ही जे लिहिलं आहे त्याबद्दल मनात काही ठेवू नका. तुम्ही तेव्हा रजा काढून आला होता, मला खोटं ठरवायला नाही, तपासायला आला होता. कपडे तेलाने माखेपर्यंत बघितलंत. जे बघायची सवय होती ते बघितलंत. मी तुमच्या जागी असतो तर याहून वेगळं काही केलं नसतं.

उशीर दुसऱ्याच कारणाने झाला. ते कुणाला सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही. तुम्हाला सांगायला हवं असं वाटतं.

त्या दिवशी घाटात झोप लागली होती ती हिला. जेवून निघालो होतो, खिडकीतून वारा येत होता, हिने डोकं टेकवलं होतं. धडक झाल्यावर ती जागी झाली, आणि तिचं पहिलं वाक्य होतं, “झोपला होतात का?” तिला दुखत होतं, घाबरली होती. मी म्हटलं, नाही, चाक परत आलं नाही. हॉस्पिटलमध्ये सांगितलं, तुम्हाला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. पहिलं वर्षभर सांगत होतो. मग लोक मान हलवायला लागले, लहान मुलाच्या बोलण्यावर हलवतात तशी. मग मी बंद केलं. थट्टा झाली की मीही हसायचो. हसलं की विषय लवकर संपतो.

पुढे कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येत नाही, मला ती डुलकी आठवायला लागली. खरंच आठवायला लागली, दादा. पापण्या जड झाल्या, रस्ता पुसट झाला, मान खाली गेली, सगळं. चाकाचं मात्र आठवेना. मला वाटायला लागलं की चाकाची गोष्ट मी लाजेपोटी रचली होती. हिचा गुडघा बघितला की मला माझी मान खाली जाताना दिसायची. वीस-बावीस वर्षं मी अशा झोपेबद्दल स्वतःला माफ करू शकलो नाही जी लागलीच नव्हती.

त्या दिवशी पायरीवर बसून मुलीला चाक टोकापासून टोकापर्यंत फिरवताना बघितलं. आधी वाटलं होतं की हलकं वाटेल. उलट फार राग आला. तुमच्यावर नाही, हिच्यावरही नाही. स्वतःवर आला. जगाने माझ्यावर विश्वास ठेवला नाही ते ठीक, मी कशाला सोडला? माझे हात त्या चाकावर होते, दुसऱ्या कुणाचे नव्हते. तो राग उतरायला पावसाळा गेला. तेवढ्या काळात मी एक काम केलं, म्हणून पत्र आज.

माझं लायसन्स कधीच संपून गेलं होतं. मी शिकाऊ लायसन्स काढलं. तिथला कारकून म्हणाला, आजोबा, नातवाला पाठवा. मी म्हटलं, नातू नाही, नात आहे, आणि ती तिसरीत आहे. रोज सकाळी मुलगी कामाला जायच्या आधी शेजारी बसायची आणि मी चालवायचो, मागे-पुढे शिकाऊची पाटी लावून. पहिल्या परीक्षेत रिव्हर्समध्ये नापास झालो. दुसऱ्या परीक्षेच्या आधी मी मुलीला म्हटलं, घाटात चल. ती आली. ते डावं वळण आलं. मी गाडी बाजूला घेतली, उतरलो, भिंत बघून आलो. भिंतीवर काही खूण नाही, शेवाळ आहे. मग परत बसलो आणि वळण घेतलं. चाक डावीकडे वळलं आणि परत आलं. पुढे जागा बघून गाडी फिरवली, खाली गेलो, आणि पुन्हा वर आलो. मुलीने मोजलं किती वेळा ते, मी मोजलं नाही. दुसऱ्या परीक्षेत पास झालो.

दादा, तुम्ही ठिपका द्यायला येतो म्हणालात. या. माझी कसलीही हरकत नाही, उलट तो तुमच्याच हातचा हवा. पण लहान डबी आणा, मुलगी म्हणते रंग वाळून जातो. गाडीची वेळ कळवा. स्टेशनवर घ्यायला मी येईन, या गाडीने. तुम्ही पुढे माझ्या शेजारी बसा.

हिने कालपासून दोनदा विचारलं, मीही येऊ का स्टेशनवर. मी अजून हो म्हटलेलं नाही.

तुमचा
मेहुणा